आठच माणसं!
(तटरक्षक दलाचा ‘सीओ’ कसा घडतो?)

सांगलीच्या हॉस्टेलवर बसून समुद्राबद्दल लिहायचं म्हणजे जरा धाडसच आहे. साताऱ्याला समुद्र नाही, सांगलीलाही नाही. मी विषय सांगितला तेव्हा रूममेट हसली आणि म्हणाली, “अगं, आपल्याकडे बोटी आहेत कुठे?” आणि मग तीच गप्प झाली. ती पलूस तालुक्यातली. बोट म्हटलं की तिकडच्या माणसाला काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून सुरुवात समुद्रापासून नाही, कृष्णेपासूनच करते.

३ ऑगस्ट २०१९, शनिवार. आजीला बरं नव्हतं म्हणून आई आणि मी साताऱ्याहून सांगलीला मामाकडे आलो होतो. रविवारी परत जायचं होतं. पण वर धरणक्षेत्रात पाऊस थांबेना, कोयनेतून पाणी सुटत होतं आणि साताऱ्याचं पाणी शेवटी सांगलीतच येतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. गावभागातल्या मामाच्या घराचा तळमजला बुडाला. आजूबाजूची दोन कुटुंबंही आमच्या वरच्या मजल्यावर आली. एकूण चौदा माणसं.

बुधवारी दुपारी रबरी बोट आली. सगळे जिन्याकडे धावले. बोटीतल्या माणसानं हात वर केला आणि म्हणाला, “आठ. नौवाँ नहीं.” मामानं खूप विनवलं, मग आवाज चढवला. तो माणूस चिडला नाही आणि बधलाही नाही. चालता न येणारं कोण, औषधं कुणाला लागतात, लहान मुलं किती, एवढं त्यानं विचारलं. मग एकेकाच्या डोक्याला बोट लावून त्यानं आठ मोजले. आजी गेली, आजीला धरायला मी गेले. आई आणि मामा मागे राहिले. जाताना तो म्हणाला, “मैं वापस आऊँगा.” मला त्याचा इतका राग आला होता की मी अख्ख्या वाटेत त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवेलागणीला तो खरंच परत गेला आणि उरलेल्या सहाही जणांना घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळची बातमी आली. पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली होती. तिच्यात पेलवतील त्याहून जास्त माणसं होती. डझनाहून अधिक जीव गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. यात मी कुणाला दोष देत नाही. पाणी चढतंय, बोट एकच आहे आणि काठावर आपलीच माणसं उभी आहेत, अशा वेळी कोण कुणाला नाही म्हणणार? पण त्या दिवसापासून त्या ‘आठ’चा अर्थ मला वेगळा कळायला लागला.

त्या पुरात लष्कर, नौदल, एनडीआरएफ आणि तटरक्षक दल अशा सगळ्यांच्याच तुकड्या सांगली-कोल्हापुरात आल्या होत्या. आमची बोट त्यांतल्या कुणाची होती ते आजही माहीत नाही. आमच्यासाठी सगळेच ‘मिलिटरीवाले’. पण असा ‘नाही’ म्हणणारा माणूस तयार कसा होतो, हा प्रश्न डोक्यात राहिला. इंजिनिअरिंगला आल्यावर त्याचा मागोवा घेताना मी तटरक्षक दलापर्यंत, म्हणजे आपल्या कोस्ट गार्डपर्यंत पोचले.

सीओ हा हुद्दा नव्हे

आधी थोडी माहिती. भारतीय तटरक्षक दलाची सुरुवात १ फेब्रुवारी १९७७ रोजी झाली. तेव्हा जवळ काय होतं? नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका, एवढंच. १९७८ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला आणि दल रीतसर उभं राहिलं. ब्रीदवाक्य आहे ‘वयं रक्षामः’, म्हणजे आम्ही रक्षण करतो. समुद्रातला शोध आणि बचाव, तेलगळती आवरणं, तस्करी रोखणं, मच्छीमारांना मदत करणं ही त्यांची कामं. २६/११ च्या हल्ल्यानंतर, २००९ मध्ये, किनाऱ्यालगतच्या सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आपल्या सर्वांत जवळ म्हणजे आंबा घाट उतरून गेलं की रत्नागिरीला त्यांचं ठाणं आहे.

आता ‘कमांडिंग ऑफिसर’. बोलताना सगळे ‘सीओ’ म्हणतात. पुष्कळांना वाटतं की हा एक हुद्दा आहे. तसं नाही. हुद्दे म्हणजे असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट वगैरे. सीओ ही जबाबदारी आहे. जे जहाज ज्याच्या ताब्यात, तो त्या जहाजाचा सीओ. छोट्या इंटरसेप्टर बोटीचा सीओ आपल्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठा असतो आणि त्याच्या हाताखाली दहा-बारा माणसं असतात. खोल समुद्रात गस्त घालणाऱ्या मोठ्या जहाजावर शंभराच्या आसपास माणसं असतात आणि तिथला सीओ बराच अनुभवी असतो. पण नियम दोघांना एकच. जहाजावर जे घडेल त्याचा जाब सीओला. तो झोपला होता, ही सबब चालत नाही.

आपल्या साताऱ्याचा इतिहास आठवला तर हे पटकन समजेल. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं. आंग्रे ‘सरखेल’ राहिले आणि त्यांचं आरमार साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावानं चालू लागलं. पण समुद्रात शत्रूचं गलबत दिसलं तर साताऱ्याला जासूद पाठवून उत्तराची वाट बघता येते का? निर्णय तिथल्या तिथेच घ्यावा लागणार. आज वायरलेस आहे, सॅटेलाइट फोन आहे, मुंबईत बचावकार्याचं समन्वय केंद्र आहे. तरीही लाट किती उंच आहे, आपली माणसं किती थकली आहेत, हे त्या डेकवर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. म्हणून त्याला घडवण्यावर एवढा खर्च आणि वेळ घालवतात.

घडण कशी होते?

जहाजाची कमान जनरल ड्यूटी शाखेच्या अधिकाऱ्यांकडे जाते. आपल्यासारख्या इंजिनिअरांसाठी टेक्निकल शाखाही आहे. तिथे यंत्रं सांभाळायची असतात. निवड झाल्यावर केरळात एळिमला इथल्या नौदल अकादमीत पायाभूत प्रशिक्षण होतं. पोहणं, कवायत, नौकानयन, नकाशे सगळं आलंच. पण खरी शाळा त्यानंतर, जहाजावर. तिथे नव्या अधिकाऱ्याला दोर बांधण्यापासून नांगर टाकण्यापर्यंतची कामं अनुभवी खलाशांकडून शिकावी लागतात. ज्यांना उद्या हुकूम द्यायचा, त्यांच्याच हाताखाली आधी शिकायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे वर्कशॉपच्या तासाला जॉब दुसऱ्याकडून करून घेणारे महाभाग उद्या सुपरवायझर होणार आहेत!

परीक्षा होतात आणि मग येतं वॉचकीपिंग सर्टिफिकेट. हा कागद म्हणजे पहिला मोठा टप्पा. त्याचा सरळ अर्थ असा, की सीओ केबिनमध्ये झोपलेला असताना ठरलेल्या तासांपुरतं अख्खं जहाज या पोराच्या हाती द्यायला हरकत नाही.

इथे एक रीत आहे. जगभरच्या जहाजांवर ती आढळते. झोपायला जाण्याआधी कॅप्टन रात्रीच्या सूचनांची वही लिहितो. मार्ग कोणता, वेग किती, कुठे जपायचं. आणि जवळजवळ प्रत्येक वहीत एक सूचना असते : शंका आली तर मला उठवा. ऐकायला सोपं आहे. पण विचार करा, पहाटे तीन वाजता नवा अधिकारी घाबरत साहेबांना उठवतो आणि समोर काहीच नसतं. साहेब खेकसले, तर पुढच्या वेळी तो उठवणार नाही. आणि नेमकं पुढच्या वेळी समोर काहीतरी असेल! म्हणजे वहीत लिहिणं पुरेसं नाही. उठवल्यावर “बरं केलंस” असं म्हणणारा सीओ व्हावं लागतं.

क्षमता पहिली : मोजणं

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मेटासेंट्रिक हाइटचं प्रॅक्टिकल असतं. टाकीत एक पत्र्याचं पाँटून तरंगत असतं. वरचं वजन थोडं बाजूला सरकवायचं, ते किती कललं तो कोन वाचायचा आणि सूत्रात घालायचा. आम्ही सगळ्यांनी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवून घेतली. (सर, माफ करा.) नंतर तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचताना मला एकदम मामाचा जिना दिसला.

तरंगणारी वस्तू जरा कलली की पाणी तिला परत सरळ करायला बघतं. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ही सरळ होण्याची ताकद जास्त. बोटीत माणसं खाली बसलेली असतात तेव्हा गुरुत्वमध्य खाली असतो. ती घाबरून उभी राहिली की तो वर सरकतो आणि ताकद कमी होते. माणसं वाढली की बोट खोल बसते आणि पाणी काठाला येतं. सगळे एका बाजूला झुकले की काठावरून पाणी आत येतं. आत आलेलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि बोट आणखी कलते. हे सगळं काही सेकंदांत होतं. तेव्हा ओरडून उपयोग नसतो. निर्णय आधीच, काठावर असताना, घ्यावा लागतो.

सीओला आपल्या जहाजाचं हे गणित तोंडपाठ असावं लागतं. इंधन किती उरलंय, कुठल्या लाटेत किती वेग झेपेल, वाचवलेली माणसं कुठे बसवायची. ‘आठ’ हा आकडा त्या माणसाचा हट्ट नव्हता. ते उत्तर त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

क्षमता दुसरी : ‘नाही’ म्हणणं

अमेरिकेच्या बचावपथकांत जुन्या काळी एक म्हण होती : जावं तर लागेलच, परत यावं लागेलच असं नाही. ऐकायला शूर वाटते. पण १२ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर त्यांची एक बचावनौका संकटातल्या शिडाच्या नौकेसाठी निघाली, लाटांत उलटली आणि तिच्यावरच्या चौघांपैकी तिघे गेले. शिडाच्या नौकेवरच्या दोघांना शेवटी हेलिकॉप्टरनं वाचवलं. वाचवायला जाणारेच बुडाले तर कुणाचंच भलं होत नाही, हे तिथल्या लोकांनी अशा घटनांतून शिकून घेतलं.

त्यांच्याकडे धोका मोजायची एक साधी पद्धत आहे. हिरवा, पिवळा आणि लाल. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, पण मूळ रूप असं : देखरेख, नियोजन, माणसांची निवड, माणसांची तब्येत व थकवा, हवामान आणि कामाची गुंतागुंत अशा सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. धोका जास्त तर गुण जास्त. बेरीज २३ पर्यंत असेल तर हिरवा, २४ ते ४४ पिवळा, ४५ च्या पुढे लाल. खरी गंमत बेरजेत नाही. प्रत्येकानं आपापले गुण वेगळे द्यायचे असतात. सीओनं हवामानाला ३ दिले आणि इंजिन सांभाळणाऱ्यानं ८, तर तिथे थांबून त्याला विचारायचं, “तुला काय दिसतंय जे मला दिसत नाही?”

आम्ही हे हॉस्टेलवर करून पाहिलं. जुलैमध्ये बाइकवरून ठोसेघरला जायचा बेत होता, रात्री निघून पहाटे पोचायचं. सहा जणींनी चिठ्ठ्यांवर गुण लिहिले. ‘थकवा’ या रकान्यात पाच जणींनी २-३ दिले आणि एकीनं ९. तिला विचारलं तर म्हणाली, “मी सबमिशनमुळे दोन रात्री झोपले नाहीये, आणि पुढची बाइक मीच चालवणार आहे.” तोवर ती गप्प होती, कारण बेत मोडणारी म्हणून तिला नाव नको होतं. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. धबधबा जागेवरच होता!

क्षमता तिसरी : ऐकून घेणं

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरनं उड्डाणाआधी शंका काढली होती, की समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना? कॅप्टन खूप अनुभवी. त्यानं ती शंका उडवून लावली आणि इंजिनिअर पुढे बोलला नाही. त्यानंतर विमानक्षेत्रात कनिष्ठानं बोलायचं कसं आणि वरिष्ठानं ऐकायचं कसं, याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. तेच पुढे जहाजांच्या ब्रिजवर आलं.

जहाजावर सुकाणूचा हुकूम दिला की सुकाणूवाला तो मोठ्यानं पुन्हा म्हणतो. मला आधी वाटायचं, ही नुसती शिस्त. खरं तर ती तपासणी आहे. हुकूम देणाऱ्याला स्वतःची चूक स्वतःच्या कानांनी ऐकू येते. आपल्या शाळांत ‘येस सर, येस सिस्टर’ एवढंच शिकवलं, त्यामुळे उलट बोलणं म्हणजे उद्धटपणा असं डोक्यात बसलंय. पण जहाजावर वेळेवर उलट बोलणारा माणूस सगळ्यांचा जीव वाचवू शकतो.

क्षमता चौथी : हुकूम चालत नाही तिथलं नेतृत्व

ही सगळ्यांत अवघड. २४ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापलीकडे ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज कलंडलं. त्यावर २४ माणसं आणि ६४० कंटेनर होते, काही कंटेनरांत घातक माल. तटरक्षक दलानं २१ जणांना वाचवलं. कॅप्टनसह तिघे जहाज सावरण्याच्या प्रयत्नासाठी मागे थांबले होते. दुसऱ्या दिवशी जहाज बुडालं आणि त्या तिघांना नौदलाच्या जहाजानं वाचवलं. नंतर तेल, वाहून येणारे कंटेनर, मच्छीमारांची काळजी हे सगळं होतंच.

अशा वेळी तिथल्या सीओच्या हुकमात काय असतं? फक्त त्याचं स्वतःचं जहाज. परदेशी कॅप्टन, जहाजाची कंपनी, नौदल, बंदर, राज्याचे पोलीस, मच्छीमार, कुणीच त्याच्या हाताखाली नसतं. त्यांना समजावून, माहिती वेळेवर देऊन, श्रेय वाटून काम करून घ्यावं लागतं. ज्यांनी ज्यांनी गॅदरिंगची कमिटी चालवली आहे त्यांना हे पटेल. तिथेही कुणी कुणाचा नोकर नसतो आणि मांडववाला तर मुळीच नसतो!

मग धाडसाचं काय?

कुणी म्हणेल, एवढं मोजत बसलं तर बचाव करणार कधी? तसं नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ समुद्रात एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर गेलं आणि समुद्रात कोसळलं. त्यातल्या तिघांनी प्राण गमावले. म्हणजे मोजूनसुद्धा धोका शून्य होत नाही. तो किती आहे हे माहीत असताना जाणं, याला धाडस म्हणायचं. माहीतच नसताना जाणं म्हणजे नुसती उडी.

अमेरिकेच्या दलानं नेतृत्वाच्या २८ क्षमतांची यादी केली आहे, चार गटांत. पहिला गट आहे स्वतःला सांभाळणं. दुसरा इतरांना. तिसरा कामगिरी आणि बदल. चौथा अख्ख्या दलाचं नेतृत्व. हा क्रम मला महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या तासाला सुरुवातच स्टेजवर उभं राहून बोलण्यापासून होते. ग्रुप डिस्कशनमध्ये जो मोठ्यानं बोलतो तो लीडर! समुद्रावर सुरुवात होते ती वेळेवर झोपण्यापासून, आपली वही नीट लिहिण्यापासून आणि “मला माहीत नाही, विचारून सांगतो” म्हणण्यापासून. यांतलं काहीही जन्मजात नसतं. सगळं शिकता येतं. आणि शिकायला समुद्रच लागतो असं नाही.

साताऱ्यातले वाचणारे म्हणतील, आमच्याकडे १९६१ पासून देशातली पहिली सैनिक शाळा आहे, आम्हाला काय शिकवतेस! खरं आहे. पण नेतृत्व फक्त गणवेशातल्यांनीच शिकायचं असतं असं नाही. पूर पुन्हा येणार आहे. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. तेव्हा बोट चालवणारा कदाचित तुमच्यातलाच कुणी असेल. किती माणसं घ्यायची ते त्यानं पाणी चढण्याआधीच ठरवून ठेवलेलं असू दे. आणि मागे राहिलेल्यांसाठी परत यायची तयारीसुद्धा.

मामा अजूनही तो किस्सा सांगतो. “मला चढू दिलं नाही त्यानं,” असं रागानंच सुरू करतो. मग आजी आतून हाक मारते, चहा मागते, आणि मामा मुकाट्यानं उठून तिला चहा नेऊन देतो.